अडतीस नावं आणि एक कोंबडा

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, अडतीस माणसांच्या नावानं आलेल्या अडतीस स्लाइडवर पक्ष्याचं रक्त आढळलं. तो पक्षी कोंबडा होता, हे दुपारी नक्की झालं. स्लाइड तपासणारा तंत्रज्ञ मी होतो.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मी आता निवृत्त असून बल्लारपूरला राहतो. गावाचं नाव इथे देत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही. सरकारी नोकरी लागण्याआधी मी चंद्रपूरच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. काय झालं ते आधी लिहायचं आणि जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हे तिथे शिकलो. दुसरा नियम मी नोकरीत एकदा मोडला. तेही या हकिगतीत येईल.

आधी कामाविषयी. मलेरियाच्या भागात आरोग्य सेवक गावोगाव फिरतो. ताप असलेल्या किंवा नुकताच येऊन गेलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून तो रक्ताचे दोन थेंब काचेवर घेतो. एकाचा जाड ठिपका करतो, दुसरा पसरून पातळ थर करतो. थर वाळला की त्यावर पेन्सिलनं नंबर टाकतो. यादीत त्या नंबरापुढे नाव. स्लाइड प्रयोगशाळेत येते, तिच्यावर रंग चढतो, आणि तंत्रज्ञ ती तेलाच्या भिंगाखाली हजारपट मोठी करून पाहतो. एका स्लाइडची निदान शंभर क्षेत्रं पाहायची, असा नियम आहे. परजीवी सापडला तर तो कोणत्या जातीचा, ते लिहायचं. व्हायव्हॅक्स असेल तर तांबडी पेशी फुगलेली दिसते. फॅल्सिपेरम पेशीला फुगवत नाही. तो बारीक अंगठीसारखा कडेला चिकटतो, कधी एकाच पेशीत दोन-तीन अंगठ्या असतात, आणि पुढच्या अवस्थेत केळीच्या आकाराचा होतो. व्हायव्हॅक्स माणसाला बेजार करतो. फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचतो. गरोदर बाईच्या शरीरात तो वारेत साचतो आणि पोटातल्या बाळाचं पोषण तोडतो. दोघांची औषधं वेगळी. शाळेच्या पुस्तकात सजीवांचं वर्गीकरण म्हणून एक धडा असतो, मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात. आमच्याकडे त्या धड्यावर माणूस जगतो किंवा जगत नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक वाक्य असतं. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. पेशी गोल असते आणि मध्ये चेपलेली. बेडूक, साप, मासा आणि पक्षी यांच्या तांबड्या पेशी लांबट गोल असतात आणि प्रत्येकीत मधोमध केंद्रक असतं. रंग चढल्यावर ते गडद जांभळं दिसतं. हा फरक ओळखायला अनुभव लागत नाही. नववीतला विद्यार्थीही पहिल्या नजरेत सांगेल.

नातवाच्या तापासाठी आलेल्या एका म्हाताऱ्याला मी एकदा भिंगातून पाहू दिलं होतं. तो बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिला.

"लाखोळीची दाळ सांडल्यावानी दिसते," तो म्हणाला. मग विचारलं, "भाऊ, यात जंगलातला कोणता अन् शहरातला कोणता, समजते का?"

"नाही. सगळ्यांचं सारखंच दिसतं."

"मंग एवढी मोठी मशीन कायले ठेवली?"

त्या मंगळवारी ते सारखं दिसणं थांबलं. पहिल्या स्लाइडवर लांबट पेशी होत्या आणि प्रत्येकीत जांभळा ठिपका. मला वाटलं, रंग बिघडला. रंग नवा केला. दुसरी स्लाइड, तिसरी, दहावी. सगळीकडे तेच. यादीवर नाल्यापलीकडच्या गावाचं नाव होतं आणि खाली आरोग्य सेवक विलासची सही. अडतीस नावं, अडतीस नंबर. वय, बाई की पुरुष, तापाचे दिवस, सगळे रकाने भरलेले. यादी इतकी नीट होती की मला आधीच शंका यायला हवी होती. पावसाळ्यात खऱ्या स्लाइड नीट येत नाहीत. त्यांवर बुरशी असते, काहींवरचं रक्त मुंग्यांनी खाल्लेलं असतं.

केंद्रात झाडलोट करणाऱ्या आणि वापरलेल्या काचा धुणाऱ्या शेवंताबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना काय दिसतंय ते सांगितलं. त्यांनी यादीकडे पाहिलं.

"म्हंजे हे अख्खं गाव कोंबड्याइचं हाये?"

"कागदावर तसंच आहे, बाई."

"मंग मंगळवारच्या बाजारात अंडे स्वस्त व्हाले पाह्यजेत."

हसू आलं, ते तेवढ्यापुरतंच. मी यादी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. ते तरुण होते, शहरातून आलेले, हुशार. दुपारी त्यांची तालुक्याला आढावा बैठक होती आणि ऑगस्टच्या स्लाइडचा आकडा त्यांना सोबत न्यायचा होता. आमचं बोलणं मला शब्दशः आठवतं, कारण खोलीत परत येऊन मी ते लिहून ठेवलं.

"परजीवी दिसला का?"

"डॉक्टर, हे माणसाचं रक्तच नाही."

"ते कळलं. परजीवी दिसला का?"

"नाही."

"मग निगेटिव्ह."

"कोंबडी निगेटिव्ह आहे. त्या अडतीस लोकांचं काय, ते आपल्याला माहीत नाही."

"फॉर्ममध्ये रकाने किती आहेत?"

रकाने चार होते. व्हायव्हॅक्स, फॅल्सिपेरम, दोन्ही, निगेटिव्ह. पाचवा नव्हता. ते म्हणाले की रकाना नसलेली गोष्ट मी कळवायची कशी, आणि हे प्रकरण वर गेलं तर चौकशी आपल्या केंद्राची होईल, नाल्याची होणार नाही. दुसरं वाक्य खरं निघालं.

मी निगेटिव्ह लिहायला नकार दिला. नोंदवहीच्या शेऱ्यात लिहिलं: मानवी रक्त नाही, पुन्हा नमुने घ्यावेत. ते म्हणाले, तुमची मर्जी, आणि बैठकीला गेले.

विलास दुपारी दोन वाजता आला. तीस-बत्तीस वर्षांचा, कंत्राटी, गोंडपिपरीकडचा. मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. तो चांगला कामगार होता, हे इथे नोंदवतो. उन्हाळ्यात त्यानं आणलेल्या स्लाइड केंद्रात सगळ्यात स्वच्छ असत. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि भिंगातून पाहायला सांगितलं. त्यानं पाहिलं आणि डोळा काढून घेतला.

"हे काय आहे, विलास?"

"सर, नाला भरून होता."

"मी नाल्याचं विचारलं नाही."

"सोमवारी गेलो, बुधवारी गेलो, दोन्ही डाव वापस आलो. पाणी छातीच्या वर. साहेब फोनवर म्हणते, तुले नाल्यापाई ठेवलं का स्लाइडीपाई ठेवलं? मिटिंगमंदी उभं करून ठेवतेत सर, सगळ्याइच्या समोर. मांगच्या डावाले उभा होतो ना मी."

"म्हणून कोंबडं?"

"रविवारी घरी कापलं होतं. यादी जुनीच होती, नावं पाठ हायेत मले. मले वाटलं निगेटिव्हच येते तिथचं. जुलैत बी तसंच गेलं."

"जुलैतही हाच कोंबडा?"

"नाई सर. तो दुसरा होता."

जुलैच्या त्या गावाच्या स्लाइडही माझ्याकडेच आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे निगेटिव्ह लागलेलं होतं. मी कपाटाशी गेलो. निगेटिव्ह स्लाइड फेरतपासणीसाठी काही आठवडे ठेवतात, मग धुऊन पुन्हा वापरतात. जुलैची पेटी कपाटात नव्हती. मागच्या अंगणात शेवंताबाईंनी ती सकाळीच साबणाच्या पाण्यात उलटी केली होती.

"तुमीच त म्हटलं होतं, भाऊ, काचा संपून राह्यल्या म्हणून."

म्हटलं होतं. घमेल्याबाहेर त्या गावाच्या एकोणीस स्लाइड राहिल्या होत्या. मी त्या भिंगाखाली घातल्या. एकोणीसच्या एकोणीस स्लाइड पेशींमध्ये केंद्रकं घेऊन बसल्या होत्या.

मग नोंदवही उघडली. जुलैच्या पानावर त्या नावांपुढे ओळीनं निगेटिव्ह लिहिलं होतं. अक्षर माझं.

त्या महिन्यात माझ्याकडे दोन केंद्रांचा कार्यभार होता. शेजारच्या केंद्रातलं तंत्रज्ञाचं पद तीन वर्षं रिकामं होतं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला होता आणि नवा यायला अकरा दिवस लागले. स्लाइड साचल्या. महिना संपायच्या आदल्या दिवशी मी खऱ्या तापाच्या, केंद्रात चालत आलेल्या रुग्णांच्या स्लाइड पाहिल्या आणि गावफेरीच्या उरलेल्या गठ्ठ्यांपुढे न पाहता निगेटिव्ह लिहिलं. या कारणांतलं प्रत्येक कारण खरं आहे. त्यातल्या कुठल्याही कारणानं ते अक्षर दुसऱ्याचं होत नाही. शंभर क्षेत्रं राहू द्या, मी एक क्षेत्र पाहिलं असतं तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी नाल्याकडे निघालं असतं.

जुलैच्या यादीत बाविसावं नाव मैनीचं होतं. वय एकवीस, पहिलं बाळंतपण, पाचवा महिना. ऑगस्टच्या यादीतही ती होती. गरोदर बाईच्या तपासणीचे निकाल तिच्या कार्डावर चढवतात. केंद्रातल्या नर्सनं माझ्या नोंदवहीवरून तिच्या कार्डावर तारीख घालून लिहिलं होतं: मलेरिया निगेटिव्ह. एकदा लिहिलेला निकाल कुणी पुन्हा भिंगाखाली घालत नाही. तो कार्डाबरोबर पुढे जातो.

गावातल्या आशा सेविका सुमनताईंना मी पाच वेळा फोन लावला. त्या गावात फोन फक्त टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली लागतो. लागला नाही.

बुधवारी सकाळी मी, नर्स आणि विलास निघालो. विलासला मी बोलावलं नव्हतं, तो आपणहून गाडीत येऊन बसला. नाला मांडीपर्यंत उतरला होता. औषधं आणि झटपट तपासणीच्या किट डोक्यावर घेऊन आम्ही तो ओलांडला आणि पुढे दीड तास चाललो. गावात अडतीसपैकी एकतीस माणसं सापडली. किटवर नऊ जणांना फॅल्सिपेरम निघाला. त्यातले चार जण धानाच्या बांधीत उभे राहून काम करत होते. ताप अंगावर काढायची इथल्या माणसांना सवय आहे आणि त्या सवयीला आमच्या अहवालात 'रुग्ण नाही' असं नाव आहे.

मैनी घरी नव्हती. सुमनताईंनी सांगितलं.

"तिले त शनवारीच नेलं ना जी. आठ दिवस झाले होते तापाले. खाटेवर टाकून नेलं, बारा माणसं होते. नाल्याले दोर बांधला."

"कुठे नेलं?"

"ग्रामीण रुग्णालयात. कार्ड दिलं सोबत. म्या म्हटलं, कार्ड विसरू नका, कार्ड पाहूनच दवाई देतेत." मग त्या विलासकडे वळल्या. "अन् तू रे. दोन महिने तुही वाट पाहून राह्यले लोक. पोरं म्हणत, सुईवाला भाऊ काऊन नाई येऊन राह्यला?"

नर्सनं विलासच्या हातात किटचा डबा दिला आणि पुढच्या घरी जायला सांगितलं.

मी टेकडीवरच्या झाडाखाली गेलो. दुपारी पावणेतीनला रुग्णालयात फोन लागला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पेशंटवर टायफॉइडचे उपचार चालू आहेत. ताप उतरत नाही, कालपासून ती बरळते आहे.

"मलेरिया पाहिला का?"

"स्लाइड घेतली आहे. तुमच्या कार्डावर निगेटिव्ह होतं, म्हणून ती रांगेत आहे."

"कार्ड चूक आहे. तिचं रक्त कधीच तपासलेलं नाही."

"कार्डावर तारीख आहे."

"तारीख खरी आहे. रक्त कोंबड्याचं होतं."

मग त्यांनी विचारलं, आपण कोण बोलता? मी नाव आणि हुद्दा सांगितला आणि तो निकाल मीच लिहिला आहे असंही सांगितलं. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला. फॅल्सिपेरम, प्रत्येक क्षेत्रात. इंजेक्शन सुरू केलं होतं.

शुक्रवारी पहाटे मैनीला मेलेलं मूल झालं. मुलगी होती. मैनी वाचली. अकरा दिवसांनी तिला घरी सोडलं.

चौकशी झाली. समिती दोन वेळा आली, दोन्ही वेळा केंद्रापर्यंत. नाल्यापर्यंत कुणी गेलं नाही. विलासचं कंत्राट संपवण्यात आलं. मला निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती, मी तिच्याविरुद्ध अपील केलं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांची त्यांच्याच विनंतीवरून बदली झाली. पावसाळ्यात चार महिने तुटणाऱ्या गावासाठी दर महिन्याचं स्लाइडचं लक्ष्य कुणी ठरवलं, हा प्रश्न मी लेखी विचारला. दोन केंद्रांना एक तंत्रज्ञ हे कुणी मान्य केलं, हाही विचारला. पूर आलेल्या नाल्यावर उभ्या असलेल्या माणसाला फोनवरून 'स्लाइड आण' म्हणणारा कोण, हे समितीला विलासच्या फोनमध्येच मिळालं असतं. अहवालात या तीन प्रश्नांचा उल्लेख नाही. अहवालातला दोष उपकेंद्रापासून सुरू होतो आणि आरोग्य केंद्रात संपतो.

पुस्तकात पेशी, ऊती, अवयव, शरीर अशी सजीवाची रचना दिलेली असते. आमच्या खात्याचीही तशीच आहे. उपकेंद्र, केंद्र, तालुका, जिल्हा. फरक एक आहे. शरीरात बोटाला काटा रुतला तर डोक्याला कळतं. आमच्याकडे बोट सांगतं की दुखतंय, आणि डोकं विचारतं की रकाना कोणता.

त्या ऑगस्टचा अहवाल मी नंतर पाहिला. माझ्या शेऱ्याच्या जागी संगणकावर कुणीतरी चौथा, निगेटिव्हचा रकाना भरला होता. दुरुस्ती करावी म्हणून मी तालुक्याला अर्ज दिला. तिथल्या ऑपरेटरनं मला स्क्रीन दाखवली. तो सभ्य मुलगा होता, चहाही पाजला.

"सर, तो महिना लॉक झाला."

"चूक असली तरी?"

"चूक असली तरी बी लॉकच हाये, सर. आता ते वरून उघडन त उघडन."

वरून उघडावा म्हणून मी जिल्ह्याला दोन पत्रं पाठवली. दोन्ही पोचल्याचे शिक्के माझ्याकडे आहेत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नाला आटल्यावर, मी त्या गावी स्वतः फेरीला गेलो. तंत्रज्ञानं गावफेरीला जायचं नसतं. मी रजा टाकून गेलो. सुमनताई सोबत होत्या. लोक अंगणात जमले. बोटं पुढे झाली. काही म्हाताऱ्यांनी नेहमीप्रमाणे डावाच हात दिला, उजव्यानं जेवायचं असतं म्हणून. कुणी वाद घातला नाही. विलासची चौकशी तिघा-चौघांनी केली. तो आता चंद्रपूरला एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करतो, असं मला कळलं होतं, ते मी सांगितलं.

मैनी दाराशी बसून टोळी फोडत होती. टोळी म्हणजे मोहाचं फळ, त्याच्या बीचं तेल काढतात. ती बारीक झाली होती. तिचा नवरा मुरा शेजारी उभा होता. सुमनताईंनी तिला हात पुढे करायला सांगितलं. तिनं केला नाही. ती गोंडीत बोलली, एकच वाक्य, आवाज न चढवता. मुरानं खाली पाहिलं. मी सुमनताईंना विचारलं, ती काय म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.

"ती म्हणते जी, माह्या रक्ताचं तुमाले दोनदा लिहिता आलं, मले न टोचता. आता बी लिहून घ्या."

मी तिला सांगितलं की तो निकाल लिहिणारा माणूस मी आहे, आणि तो न पाहता लिहिला होता. सुमनताईंनी ते गोंडीत सांगितलं. मैनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची टोळी दगडावर ठेवली. मुरानं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. स्वतःचं बोट त्यानं पुढे केलं. त्याची स्लाइड घेतली.

त्या दिवशी गावात छत्तीस स्लाइड झाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या प्रत्येकी शंभर क्षेत्रं पाहून तपासल्या. दोन फॅल्सिपेरम, एक व्हायव्हॅक्स, तेहतीस निगेटिव्ह. मैनीच्या नावापुढे मी 'नकार' असं लिहिलं आणि सही केली.